नौ लिंग : घरात टिकलेली बोली आणि परदेशातून येणारे पाहुणे

आमची नालवाडी वर्धा शहराला लागूनच आहे. समुद्र इथून शेकडो कोस दूर. पोर्तुगीज लोक कोकणात आणि गोव्यात होते हे आपण शाळेच्या इतिहासात शिकतो आणि परीक्षा झाली की विसरून जातो. विदर्भातल्या माणसाचा त्यांच्याशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण थोडे खोलात गेले तर पोर्तुगीज बोलणाऱ्यांशी आपला, म्हणजे मराठी मुलखातल्या मुसलमानांचा, पाचशे वर्षांचा संबंध निघतो. तो भांडणाचा आहे, व्यापाराचा आहे, शब्दांच्या देवाणघेवाणीचा आहे आणि सोयरिकीचाही आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण निराळे आहे. आपल्या नात्यातली कितीतरी घरे आखातात, इंग्लंडात, आफ्रिकेत आहेत. काही लिस्बनमध्येही आहेत. सुट्टीत ती मंडळी येतात, कधी आपल्याकडची वडीलधारी माणसे तिकडे जातात. दावत होते, फोटो निघतात, तोहफे दिले-घेतले जातात. पण आजी आणि नातू एकमेकांशी दोन वाक्ये मनमोकळी बोलू शकले का? पुष्कळ घरांत याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. भाषा तुटली की भेट मुकी होते. पोर्तुगीज बोलणाऱ्यांची कहाणी या बाबतीत आपल्याला बरेच काही शिकवते.

पहिले बोलणे कुणाशी झाले?

मे १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजे कालिकतच्या किनाऱ्याला लागली. काय आहे ते पाहायला त्याने स्वतः न उतरता, शिक्षा म्हणून जहाजावर घेतलेल्या एका माणसाला पुढे धाडले. किनाऱ्यावरच्या लोकांना त्याची भाषा समजेना. म्हणून त्यांनी त्याला ट्युनिसहून आलेल्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांकडे नेले, कारण त्या दोघांना स्पेनची भाषा येत होती. इथे कसे येऊन पडलात, असे त्यांनी चकित होऊन विचारले. मग त्याला आपल्या बिऱ्हाडी नेऊन गव्हाची रोटी आणि मध खाऊ घातला. म्हणजे भारताच्या भूमीवर वास्को द गामाच्या माणसांचे पहिले समजण्यासारखे बोलणे झाले ते मुसलमानांशी, आणि पहिला पाहुणचारही त्यांचाच.

पुढचा इतिहास मात्र कडू आहे. चारच वर्षांनी, १५०२ मध्ये, त्याच वास्को द गामाने हजहून परतणाऱ्यांचे ‘मीरी’ नावाचे जहाज बायकामुलांसह जाळले. अरबी समुद्रात जहाज न्यायचे तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. हाजींच्या जहाजांनाही त्यातून सूट नव्हती. १६१३ मध्ये तर बादशहा जहांगीरच्या आईचे, मरियम-उज़-ज़मानीचे, ‘रहीमी’ हे मोठे जहाज त्यांनी पकडले. तेव्हा बादशहाने चिडून दमणला वेढा घातला. मलबारचे आलिम जैनुद्दीन मखदूम यांनी सोळाव्या शतकात ‘तुहफतुल मुजाहिदीन’ या अरबी ग्रंथात आपल्या लोकांवर झालेले जुलूम लिहून ठेवले आहेत. हे सारे विसरण्यासारखे नाही.

पण त्याच काळात दुसरीही एक वाट होती. गार्सिया द ऑर्टा नावाचा पोर्तुगीज हकीम १५३४ मध्ये गोव्यात आला. तो अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहाच्या इलाजासाठी जात असे. दरबारातल्या मुसलमान हकिमांशी त्याच्या दवा-जडीबुटीवर चर्चा होत. पुढे १५६३ मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या औषधींवर पुस्तक लिहिले. ते गोव्यातच छापले गेले आणि प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. त्यात औषधींची अरबी नावे जागोजागी येतात. तलवार समुद्रावर चालू होती, तेव्हा नगरच्या दरबारात दोन भाषांची माणसे एकमेकांकडून शिकत होती.

‘अल’ लागलेले शब्द

पोर्तुगीज भाषा मुसलमानांना परकी का वाटू नये, याचे याहून जुने कारण आहे. इ. स. ७११ नंतर आजच्या पोर्तुगालचा मोठा भाग मुस्लिम अमलाखाली होता. लिस्बनचे अरबी नाव अल-उश्बूना. दक्षिणेकडचा प्रांत अरबांनी ‘अल-ग़र्ब’, म्हणजे पश्चिम, असा ओळखला. आज त्याचे नाव अल्गार्व आहे. मग़रिबची नमाज म्हणताना जो धातू आपण उच्चारतो, तोच या नावात आहे. १२४९ मध्ये हा भागही ख्रिस्ती राजाकडे गेला. राज्य गेले, शब्द राहिले.

पोर्तुगीजमध्ये कापसाला ‘अल्गोदांव’ म्हणतात. तो अरबी ‘अल-कुत्न’ आहे. शिंप्याला ‘अल्फायात’ म्हणतात, म्हणजे ‘अल-ख़य्यात’. उशीला ‘अल्मोफादा’, म्हणजे ‘अल-मिख़द्दा’. साखर ‘असूकार’, म्हणजे ‘अस-सुक्कर’, आपली शक्कर. जैतूनचे फळ ‘अज़ैतोना’ आणि त्याचे तेल ‘अज़ैत’. अरबीतला ‘अल’ शब्दाला चिकटून तसाच राहिला, कारण ऐकणाऱ्यांना तो शब्दाचाच भाग वाटला. सगळ्यांत गोड शब्द ‘ओशाला’. ‘तसे होवो’, ‘असे झाले तर किती बरे’ अशा अर्थाने पोर्तुगीज माणूस तो आजही बोलतो. आपला ‘इन्शाअल्लाह’ ज्या अरबी शब्दांतून येतो, त्यांच्यापासूनच तो बनला आहे. बोलणाऱ्याला अनेकदा हे माहीतही नसते.

आणि पोर्तुगीजांनी आपल्याला काय दिले? गोव्याचे विद्वान सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ १९१३ मध्ये प्रसिद्ध केला. पाव, बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी, तंबाखू, पगार, इस्त्री, फीत, मिस्त्री, घमेले, तुरुंग हे शब्द त्याच वाटेने आले. उर्दूतला कमरा आणि नीलामही तसाच. मराठीतला लिलाव पोर्तुगीज ‘लैलांव’ वरून आला, आणि तो मुळात अरबी ‘इअलाम’ म्हणजे जाहीर करणे यावरून बनल्याचे मानले जाते. अरबीतून पोर्तुगाल, तिथून कोकण, कोकणातून थेट वर्ध्याच्या कापूस बाजारापर्यंत!

आमच्या शाळेत सातवीच्या मुलांना आम्ही असे शब्द घरातून शोधून आणायला सांगितले होते. हुशार मुलांनी पुस्तकातले शब्द आणले. पण ज्याचे अब्बा बांधकामावर जातात त्या मुलाने ‘मिस्त्री’ आणि ‘घमेले’ आणले, आणि कामगारांचा ‘पगार’ही आणला. कामाच्या ठिकाणचे शब्द कामाच्या ठिकाणीच टिकतात, हे त्या दिवशी सगळ्या वर्गाला कळले.

कोर्लईचे धडे

आता महाराष्ट्रातल्याच एका गावाकडे जाऊ. रायगड जिल्ह्यात, मुरूड तालुक्यात, कुंडलिका खाडीच्या मुखाशी कोर्लई आहे. खाडीच्या पलीकडे रेवदंडा. १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी तिथे ठाणे घातले, त्यालाच ते चौल म्हणत. पुढे निजामशाहीनेच १५७०-७१ मध्ये या ठाण्याला मोठा वेढा घातला, पण ते पडले नाही. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी समोरचा कोर्लईचा डोंगरी किल्लाही घेतला. शेवटी १७३९-४० मध्ये मराठ्यांनी हा सारा भाग जिंकला आणि पोर्तुगीज निघून गेले.

राज्यकर्ते गेले, पण किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी गरीब ख्रिस्ती कुटुंबे गेली नाहीत. ती इथलीच माणसे होती, जाणार कुठे? त्यांच्या तोंडी पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली होती. तिला ती ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. पोर्तुगीज अंमल संपून आज पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. तरी कोर्लईत सुमारे हजार माणसे ही बोली बोलतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी तिचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांनी दाखवून दिलेली एक गोष्ट भाषेच्या शिक्षकाला फार आवडण्यासारखी आहे. या बोलीतले बहुतेक शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठीकडे झुकलेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मधे येते, कोर्लईत ते मराठीसारखे शेवटी जाऊ लागले. शेजाऱ्याची सवय आपल्यालाही लागते, तसेच हे.

ही बोली टिकवली कुणी? कोर्लईच्या बोलीला सरकारी आधार नव्हता, शाळा नव्हती, नोकरीची आशा नव्हती. चर्चमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोर्तुगीज कानावर पडत असे. पुढे तिथेही मराठी आली. मुले मराठी शाळेत जातात, गावाबाहेर पाऊल टाकले की मराठीच बोलतात आणि ती उत्तम बोलतात. म्हणजे ही भाषा राहिली ती चुलीपाशी, अंगणात आणि पाळण्यापाशी. आईने मुलाशी बोलणे सोडले नाही, म्हणून भाषा राहिली. आज मात्र पोरे नोकरीसाठी मुंबईकडे जातात, लग्ने बाहेर होतात, घरात मराठी आणि मोबाइलवर हिंदी-इंग्रजी येते. तीन शतके न तुटलेला धागा आता एका-दोन पिढ्यांत तुटू शकतो.

कोर्लईचे लोक मराठी शिकले म्हणून त्यांची बोली मेली नाही, आणि बोली जपली म्हणून ते मराठीत मागे पडले नाहीत. उर्दू की मराठी, असा वाद आपल्या घरांत अधूनमधून निघतो. त्या वादात कोर्लईची साक्ष काढावी असे आम्हाला वाटते.

एका घरात दोन पासपोर्ट

पोर्तुगीज अंमल गोवा, दमण आणि दीव इथे १९६१ पर्यंत राहिला. स्वतंत्र भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध बिघडत गेले, तशी सर्वांत मोठी झळ नात्यागोत्यांना बसली. १९५४ पासून गोव्यात ये-जा करायला परवाने लागू लागले, १९५५ मध्ये रेल्वेही थांबली. सावंतवाडीची बहीण आणि डिचोलीचा भाऊ, दोघांच्या मधे सीमा उभी राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ही भिंत पडली.

पण त्याच दिवसांत हजारो मैलांवर दुसरी भिंत उभी राहिली. आफ्रिकेत मोझांबिक ही पोर्तुगीजांची वसाहत होती. या देशाच्या नावाची कथा अशी सांगतात की तिथल्या बेटावर पोर्तुगीज पोचले तेव्हा मूसा बिन बीक नावाचा मुसलमान सरदार होता, त्याच्यावरून ते आले. काठेवाड, दीव, दमण इथली अनेक मुसलमान आणि हिंदू व्यापारी घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या दुकाने चालवत. गोवा मुक्त होताच तिथल्या पोर्तुगीज सरकारने भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबले, मालमत्ता अडकवली आणि देश सोडायला लावले. दीव-दमणची घराणी पोर्तुगीज प्रजा धरली जात, म्हणून ती राहिली. एकाच कुटुंबात जावई राहिला आणि मेहुणा हाकलला गेला, अशी स्थिती झाली.

३१ डिसेंबर १९७४ रोजी भारत-पोर्तुगाल करार झाला आणि संबंध पुन्हा जुळले. १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाले. मग तिथले यादवी युद्ध आणि टंचाई यांना कंटाळून पुष्कळ कुटुंबे लिस्बनला गेली. तिथे १९६८ मध्येच वसाहतींतून आलेल्या मुसलमानांनी आपली संस्था स्थापन केली होती. १९८५ मध्ये लिस्बनची मध्यवर्ती मशीद उघडली. ज्या शहरात पूर्वी कधीकाळी अज़ान बंद झाली होती, तिथे ती पुन्हा सुरू करण्यात गुजराती आणि आफ्रिकी मुळांच्या या पोर्तुगीज बोलणाऱ्या मुसलमानांचा मोठा हात आहे.

गोवा-दमण-दीवमध्ये मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते. त्यामुळे आजही तिथली तरुण मुले लिस्बनचा पासपोर्ट काढून युरोपात जातात. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून एकाच ताटात जेवलेल्या दोन भावांचे देश वेगळे होतात. अशा घरांना जोडून ठेवणारा धागा एकच उरतो, तो म्हणजे बोलणे.

पत्रांचा डबा

वर्ध्यात आमच्या ओळखीचे मूळ काठेवाडचे एक मुसलमान कुटुंब आहे. तिथल्या नानी आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या थोरल्या बहिणीचा निकाह १९५२ मध्ये दीवच्या एका व्यापारी घरात झाला आणि ती मोझांबिकला गेली. १९६१ नंतर थेट पत्रे थांबली. कराचीच्या एका नातेवाइकामार्फत वर्षातून एखादी खबर यायची. पुढे ते घर लिस्बनला गेले, तेव्हा ती पहिल्यांदा वर्ध्याला आली. एकतीस वर्षांनी. साऱ्या आयुष्यात, निकाहानंतर, दोघी बहिणी तीनदाच भेटल्या.

थोरली बहीण अल्लाहला प्यारी झाली. मागच्या हिवाळ्यात तिची नात आपल्या दोन मुलांना घेऊन आली. नातीला मोडकी गुजराती येत होती, मुलांना फक्त पोर्तुगीज. नानीला गुजराती, उर्दू आणि व्यवहारापुरती मराठी. पहिले दोन दिवस मुले मोबाइलमध्ये आणि नानी तसबीहमध्ये. तिसऱ्या सकाळी धाकट्याने कपाकडे बोट दाखवून ‘शा?’ असे विचारले. पोर्तुगीजमध्ये चहाला ‘शा’ म्हणतात. नानी एकदम म्हणाल्या, “हाँ बेटा, चाय!” मग खेळच सुरू झाला. नानीने चावी दाखवली, मुलगा ‘शाव्ह’ म्हणाला. पोर्तुगीज लोक पूर्वी ‘श’ ऐवजी ‘च’ उच्चारत. आपल्या ‘चावी’त तो जुना उच्चार राहिला आहे, हे आम्ही मुलांना सांगितले तेव्हा त्यांना गंमत वाटली. बालटीला ‘बाल्द’, साबणाला ‘साबांव’, अननसाला ‘अनानाश’. संध्याकाळपर्यंत धाकटा नानीच्या मांडीवर होता.

त्या रात्री नानीने पत्र्याचा डबा काढला. बहिणीची सारी पत्रे त्यात होती, गुजराती लिपीत. लिस्बनच्या नातीला ती वाचता येईनात. वर्ध्याच्या घरातली नातवंडे इंग्रजी माध्यमातली, त्यांनाही येईनात. त्या साऱ्या खानदानात ती पत्रे वाचू शकणारी एकच व्यक्ती उरली होती, आणि तिचे वय पंच्याऐंशी. नानी मोठ्याने वाचत गेल्या, नातीने मोबाइलवर आवाज टिपला. पत्रांत फार मोठे काही नव्हते. कापडाचा भाव, कुणाची सुंठवड्याची फर्माईश, छावणीतून सुटून गेलेल्या मेहुण्याची काळजी, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘तू कधी येशील?’ नात मात्र डोळे पुसत होती. आपली दादी इतकी बोलकी होती हे तिला प्रथमच कळत होते.

आपल्या घरी काय करता येईल?

प्रत्येक घरात असा एखादा डबा असतो. कुठे उर्दूतली पोस्टकार्डे, कुठे दादाजानची मोडीतली वही, कुठे फक्त आजीच्या तोंडचे किस्से. वाचणारा किंवा सांगणारा आहे तोवर ते ऐकून घ्या आणि आवाज टिपून ठेवा. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यासाठी निराळा खर्च नाही. टिपताना माणसांची नाती, गावांची नावे आणि साल विचारून लिहून ठेवा. पुढच्या पिढीला चेहऱ्याचा फोटो मिळेल, पण नाव सांगणारा मिळणार नाही.

परदेशात राहणाऱ्या भावा-बहिणींना आमची विनंती आहे की घरातले एक जेवण तरी घरच्या बोलीत होऊ द्या. शाळेची भाषा मुले शाळेतून घेतीलच, तिची चिंता नको. आणि इथे राहणाऱ्यांनी पाहुण्या मुलांच्या परकी बोलण्याला हसू नये. ‘एवढेही येत नाही?’ असे खालाने एकदा म्हटले की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. त्याऐवजी त्याच्याच भाषेतले दहा शब्द त्याच्याकडून शिका. शिकवणारे मूल लवकर आपलेसे होते.

भाषा आणि रंग यांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी आहे, असे सूरह रूममध्ये सांगितले आहे. आमच्या नालवाडीलाही याची एक आठवण आहे. १९३० च्या दशकात विनोबा भावे इथे राहत होते. पुढे पवनारला गेले. कुरआन समजून घ्यावा म्हणून त्यांनी अरबी शिकण्याचे कष्ट घेतले आणि १९६२ मध्ये कुरआनातील निवडक आयतींचा संग्रह प्रसिद्ध केला. दुसऱ्याची भाषा शिकणे हा त्याच्या घरचा दरवाजा अदबीने ठोठावणे आहे, आणि आपली भाषा जपणे म्हणजे आपला दरवाजा उघडा ठेवणे.

कोर्लईच्या गरीब माणसांनी कुठल्याही मदतीशिवाय आपला दरवाजा पावणेतीनशे वर्षे उघडा ठेवला. आपल्याकडे तर शाळा आहेत, मासिके आहेत, फोन आहेत. येत्या ईदला परदेशातले पाहुणे येतील तेव्हा दावतीची तयारी आपण करूच. सोबत आजीची खुर्ची मुलांच्या मधोमध ठेवा आणि दूरदर्शनचा आवाज थोडा बंद करा. बाकीचे ती दोघे मिळून करतील, इन्शाअल्लाह.